सरकार नावाचा वाचक

मराठी समीक्षेने लेखकाचा विचार पुष्कळ केला, समाजाचा केला, अलीकडे वाचकाचाही करू लागली आहे. पण एका वाचकाकडे तिचे अजून नीट लक्ष गेलेले नाही. हा वाचक पुस्तक विकत घेत नाही, जप्त करतो. ओळीखाली रेघ मारण्याऐवजी तिचा पंचनामा करतो. गोष्टीचा शेवट त्याने आधीच ठरवलेला असतो आणि हाती आलेला मजकूर त्या शेवटापर्यंत कसा नेता येईल, एवढ्याच बेताने तो वाचतो. हा वाचक म्हणजे सरकार, आणि त्यातही घाबरलेले सरकार. मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा करताना त्याला विसरून चालणार नाही. आमच्या मते गेल्या तीसएक वर्षांत आपले बरेचसे लेखन, नकळत का होईना, याच वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून झाले आहे.

कोणते सरकार सर्वांत जास्त भिते, हा प्रश्न निघाला की लोक चटकन हुकूमशहांची नावे घेतात. ती घ्यायलाच हवीत. अल्बेनियाच्या एन्व्हर होजाने चिमुकल्या देशात पावणेदोन लाखांच्या घरात सिमेंटचे बंकर बांधले. शेतात, समुद्रकिनारी, कबरस्तानांच्या कडेला. शत्रू कधी आलाच नाही. बहुसंख्य प्रजा मुसलमान असलेल्या त्या देशात १९६७ साली मशिदी बंद झाल्या आणि चर्चही बंद झाले, कारण ज्याचा हिशेब सरकारला देता येत नाही असा कोणताही एकांत त्याला धोक्याचा वाटत होता. पण मग अमेरिकेचे काय करायचे? १९४२ साली त्या लोकशाहीने जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार माणसांना छावण्यांत कोंडले. त्यांतील दोनतृतीयांश तिचेच नागरिक होते. हेरगिरीचा वा घातपाताचा गुन्हा त्यांपैकी एकावरही सिद्ध झाला नाही. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्यांना वीस-वीस हजार डॉलर दिले. आणि आपली आणीबाणी? शहा आयोगाच्या आकड्यांनुसार मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे आत गेली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाते-इस्लामी यांच्यावर एकाच दिवशी बंदी आली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे तुरुंगात एका पंगतीला बसली, ही त्यातली एक गंमत.

तेव्हा हुकूमशाही भिते आणि लोकशाही भीत नाही, ही वाटणी टिकत नाही. आम्हाला दिसते ते असे की, ज्यांच्यावर राज्य करायचे त्या माणसांची भाषा आणि त्यांचे रोजचे जगणे ज्या सरकारला वाचता येत नाही, ते सरकार त्या माणसांना सर्वांत जास्त भिते. लिपी येत असूनही वाचता न येणे शक्य असते. शेजारच्या मोहल्ल्यातले लग्न, मय्यत, तबलिगी जमातीतला फेरफटका, आखातातून आलेला ड्राफ्ट, यांतले काय साधे आणि काय वेगळे हे ज्याला कळत नाही, त्याला सगळेच सारखे संशयास्पद दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धोका खोटा होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. १९९३ च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर जे उतरले ते आमच्याच रायगड जिल्ह्यात उतरले. त्या वर्षी १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. उतरवून घेणाऱ्यांत आमची माणसे होती, तशी पैसे खाऊन डोळे मिटणारी सरकारची माणसेही होती. दोघांनाही शिक्षा झाल्या. त्याविषयी कुणाची तक्रार असू नये. पण धोका घडवणारी माणसे शोधणे कठीण पडते म्हणून धोक्यासारखी दिसणारी माणसे शोधली जाऊ लागतात, तेव्हा भयगंड सुरू होतो. आणि ‘दिसणे’ हा वाचनाचा प्रश्न आहे.

आमच्या पनवेल तालुक्यात या वाचनाची दोन ठिकाणे आहेत. एक शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. गोव्याच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला त्याची पाटी दिसते. दुसरे तळोजा, कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती असलेले गाव, ज्याचे नाव आता कारखान्यांमुळे आणि मध्यवर्ती कारागृहामुळे देशभर झाले आहे. एका ठिकाणचा बंडखोर आज शाळेच्या पुस्तकात आहे. दुसऱ्या ठिकाणच्या कैद्यांविषयी पुस्तक लिहायचे तर प्रकाशक दोनदा विचार करतो. दोन्हींमध्ये सुमारे दीडशे वर्षे आहेत.

फडक्यांना १८७९ साली पकडले तेव्हा त्यांची रोजनिशी आणि आत्मकथन सरकारच्या हाती लागले आणि तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचले गेले. ते एका अर्थी बरोबर होते. फडक्यांनी बंड केले होते आणि ते नाकारीतही नव्हते. पण घाबरलेले सरकार एका वहीवर थांबत नाही. शनिवारवाड्याजवळचा बुधवारवाडा त्याच वर्षी जळाला आणि सरकारच्या मनात एक अख्खी जात संशयित ठरली. न्यायमूर्ती रानड्यांची धुळ्याला बदली झाली. त्यांची पत्रे फोडून वाचली जाऊ लागली. बंडवाल्यांच्या नावाची पत्रे त्यांना येऊ लागली, म्हणजे हा माणूस ती सरकारात देतो की लपवतो हे पाहता यावे. रानड्यांइतका कायद्याने चालणारा माणूस त्या काळी महाराष्ट्रात दुसरा नसेल. पण वाचक पत्रातला मजकूर वाचत नव्हता, पाकिटावरचे नाव वाचत होता.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते रमाबाई रानड्यांमुळे. १९१० साली आलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात धुळ्याचे ते दिवस आले आहेत. आमच्या पिढीतल्या मुसलमान वाचकाने हे पुस्तक शाळेत ‘आदर्श पतिपत्नी’ या खात्यात वाचले आणि पुढे बाजूला ठेवले. ते पुन्हा काढून वाचावे. पाळतीखालचे घर कसे असते याचे मराठीतले इतके साधे वर्णन दुसरे आम्हाला माहीत नाही. बाई कुठेही ‘आम्ही राजनिष्ठ आहोत’ असे सांगायला थांबत नाहीत. टपाल कसे येते, नवरा ते कसे वाचतो, मग काय बोलतो आणि काय बोलत नाही, एवढेच सांगतात. सरकारचा संशय त्यांच्या लेखनात घरातल्या एखाद्या नको असलेल्या पाहुण्यासारखा वावरतो. त्याची उठबस दिसते, पण घर मात्र बाईंचेच राहते. ही गोष्ट आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत.

ब्राह्मणांवर ही पाळी येण्याआधी दहाएक वर्षे ती मुसलमानांवर आली होती. अंबाला, पाटणा येथील वहाबी खटले झाले आणि १८७१ साली डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर या अधिकाऱ्याने ‘द इंडियन मुसलमान्स’ हे पुस्तक लिहिले. राणीविरुद्ध बंड करणे मुसलमानांना धर्मानेच बंधनकारक आहे काय, हा प्रश्न पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच होता. व्हाइसरॉय मेयोला उत्तर हवे होते. हे पुस्तक आपल्याकडे दोन प्रकारे उद्धृत होते. कुणी त्यातल्या सरहद्दीवरच्या बंडखोर छावणीची वर्णने काढतो, कुणी शेवटचे प्रकरण काढतो, ज्यात मुसलमानांची नोकऱ्यांतून, जमिनींतून कशी हकालपट्टी झाली याचा हंटरने सहानुभूतीने हिशेब मांडला आहे. आम्हाला वाटते पुस्तक एकच आहे. आधी भीती, मग दया. दोन्हीकडे साधा माणूस नाही. पाहणी मुख्यत्वे बंगालची आणि नाव साऱ्या हिंदुस्थानचे. तेव्हा कोकणातला भात पिकवणारा आणि गलबतावर जाणारा मुसलमान राणीविषयी काय विचार करीत होता? बहुधा काहीच करीत नव्हता. पण मुखपृष्ठावरच्या प्रश्नात तोही आला.

या पुस्तकाला उत्तर दिले सर सय्यद अहमद खान यांनी, आणि ते पुस्तक-परीक्षणाच्या रूपाने दिले, ही समीक्षकांनी अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. १८७२ साली ते स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपात आले. परीक्षण म्हणून ते फार चांगले आहे. हंटरने बंगालवरून सगळ्यांचा निष्कर्ष काढला, मूठभर वहाबींना साऱ्या जमातीचे नाव दिले, त्या चळवळीचा रोख आरंभी शिखांवर होता हे दडपले, धर्मग्रंथांचे अर्थ ओढूनताणून लावले, हे सर सय्यद एकेक दाखवीत जातात. तर्क काटेकोर, भाषा सभ्य.

तरीही त्यात एक अडचण राहते आणि ती आपल्या साहित्याची आजची अडचण आहे. सर सय्यदांनी उत्तर दुरुस्त केले, प्रश्न तसाच ठेवला. मुसलमान धर्माने बंडखोर नाहीत, असे त्यांनी सिद्ध केले. पण एका जमातीला हा प्रश्न मुळात का विचारायचा, असे ते विचारू शकले नाहीत. १८५७ नंतरच्या दिल्लीची राख ज्याने पाहिली होती त्याला दोष देणे आम्हाला शोभणार नाही. १८६० साली त्यांनी ‘लॉयल मोहमेडन्स ऑफ इंडिया’ या नावाने राजनिष्ठ मुसलमानांच्या हकीकती छापायला घेतल्या होत्या. जीव वाचवायचा होता, माणसे वाचवायची होती. ते काम त्या वेळी हवेच होते. आम्ही दीडशे वर्षांनी तेच पुस्तक पुन्हापुन्हा लिहितो आहोत, हे मात्र हवेच आहे असे म्हणता येत नाही.

टिळकांनी वेगळी वाट काढली. १९०८ साली ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या ‘केसरी’तल्या अग्रलेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. पंचांत सात युरोपीय आणि दोन पारशी. मराठी वाचणारे असे कुणी नव्हतेच. टिळक स्वतः बोलायला उभे राहिले आणि एकवीस तासांहून जास्त बोलले. त्यातला मोठा भाग भाषांतराविषयी होता. सरकारी भाषांतरकाराने अमुक शब्दाचा अर्थ असा केला, मराठीत तो असा होत नाही. मराठी गद्याची इतकी दीर्घ शब्दचर्चा एखाद्या साहित्य संमेलनात झाली असेल की नाही, शंकाच आहे. त्यांच्या घरच्या झडतीत एक कार्ड सापडले होते आणि त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहायची होती म्हणून ती नावे टिपली, असे टिळकांनी सांगितले. म्हणजे समीक्षेची तयारी हाच पुरावा ठरला! सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षे मंडालेला गेले. त्या खटल्यात त्यांच्या जामिनासाठी धडपडणारे तरुण वकील महंमद अली जिना होते आणि १९१६ मध्ये पुन्हा तसाच खटला उभा राहिला तेव्हा टिळकांना सोडवणारेही जिनाच. दोघांचेही भक्त ही गोष्ट आपापल्या कारणाने सांगत नाहीत.

१९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाचा आरंभच मुंबई इलाख्यापासून आणि चित्पावन ब्राह्मणांच्या वर्णनापासून होतो. गणेशोत्सव आणि शिवजयंती ही त्यात कटाची पायरी आहे. १८७१ मध्ये मुसलमान, त्याच वर्षीच्या कायद्याने ‘गुन्हेगार जमाती’, १९१८ मध्ये चित्पावन, १९२९ च्या मीरत खटल्यात कम्युनिस्ट. आरोपीची खुर्ची तीच, बसणारे बदलत गेले. चित्पावन त्या खुर्चीवरून उठले ते त्यांनी निष्ठेचे पुरावे दिले म्हणून नव्हे. राज्य बदलले आणि नव्या राज्याला त्यांची भाषा वाचता येत होती.

आता आपल्या काळाकडे येऊ.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली. पनवेलहून रोज लोकलने जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तेव्हा काटा आला होता. यात आमचे आणि तुमचे असे काही नव्हते. त्या खटल्यात २०१५ साली खास न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी दिली, सात जणांना जन्मठेप आणि एकाला सोडले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांपैकी एक जण २०२१ मध्ये तुरुंगात असतानाच वारला होता. राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ जुलैला हा निकाल अन्य खटल्यांत पायंडा म्हणून वापरता येणार नाही अशी स्थगिती मिळाली, मात्र सुटलेल्यांना परत आत जावे लागले नाही.

निकालातली एक गोष्ट समीक्षक म्हणून आम्हाला विसरता येत नाही. मकोकाखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. वेगवेगळ्या आरोपींचे असे जबाब न्यायालयाने शेजारी-शेजारी ठेवून वाचले आणि त्यांतले काही भाग एकसारखे, एकावरून दुसरा उतरवून घ्यावा तसे आढळले. वेगळ्या गावची, वेगळ्या शिक्षणाची, वेगळ्या वयाची माणसे, आणि वाक्ये तीच. साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात की, शैली म्हणजे माणूस. एवढ्या माणसांची शैली एकच असेल तर मजकुराचा कर्ता कोण, हा प्रश्न पदवीच्या परीक्षेत घालण्याजोगा आहे. तो विचारायला एकोणीस वर्षे लागली.

मालेगावची गोष्ट आणखी विचित्र. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारात, शुक्रवार, बडा कबरस्तान. मेलेले बहुतेक सगळे मुसलमान आणि पकडलेले नऊही मुसलमान. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, तोवर त्यांतला एक जण या जगात नव्हता. कबरस्तानात, दुआ मागायला आलेल्या आपल्याच माणसांवर मुसलमान बॉम्ब का टाकील, हा कथानकाचा साधा प्रश्न होता. कुठल्याही संपादकाने तो लेखकाला विचारला असता. भयगंडी वाचकाला तो पडत नाही, कारण पात्र कोण ते आधी ठरलेले असते आणि हेतू नंतर शोधायचा असतो. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी सुटले, आणि त्यांत मुसलमान कुणी नव्हते. दहा दिवसांच्या अंतराने आलेल्या या दोन निकालांवर टाळ्या वाजवणारे आणि छाती बडवणारे लोक वेगवेगळे होते. आम्हाला दोन्ही दिवशी एकच आठवत राहिले. स्फोट खरे होते, मेलेली माणसे खरी होती आणि ते कुणी केले हे न्यायालयात सिद्ध झालेले नाही. भित्र्या वाचनाची ही किंमत मेलेल्यांच्या घरचे भरतात, हे आपण फारच कमी वेळा बोलतो.

तळोज्याच्या कारागृहाविषयी सांगायचे तर पुस्तकांवरूनच सांगावे. एल्गार परिषद खटल्यातले कैदी तेथे होते. त्यांच्यापैकी गौतम नवलखा यांच्यासाठी घरून पी. जी. वुडहाऊसचे पुस्तक आले, ते कारागृहाने सुरक्षेला धोका म्हणून नाकारले. वुडहाऊस म्हणजे आळशी जमीनदारपुत्र आणि त्यांचे हुशार नोकर यांच्या निखळ विनोदी गोष्टी. एप्रिल २०२२ मध्ये हे मुंबई उच्च न्यायालयापुढे आले तेव्हा न्यायमूर्तींनाही ते विनोदीच वाटले. पण त्याच कारागृहातल्या स्टॅन स्वामींना, कंपवाताने हात थरथरणाऱ्या त्र्याऐंशी वर्षांच्या पाद्र्याला, पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला होता, आणि ५ जुलै २०२१ रोजी ते जामिनाची वाट पाहतच गेले. वुडहाऊसची गोष्ट सांगून हसताना ही दुसरी गोष्ट शेजारी ठेवावी.

याच खटल्यातल्या दोघांना जामीन देताना २८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नुसते साहित्य बाळगले म्हणजे गुन्हा झाला असे होत नाही, त्या साहित्यात हिंसेची भलामण असली तरी. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने इम्रान प्रतापगढी यांच्या एका कवितेवरून गुजरात पोलिसांनी नोंदवलेला गुन्हा रद्द केला आणि कविता नीट वाचायची असते, हे पोलिसांना समजावून सांगितले. त्यानंतरच्या महिन्यात अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीचा निकाल आला. पाटीवर मराठीच्या खाली उर्दूत नाव होते, ते काढा म्हणून कज्जा दिल्लीपर्यंत गेला होता. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू ही याच मातीतली, असे न्यायालयाने सांगितले. तीन निकाल, तीनही वाचनाविषयीचे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला समीक्षेचे प्राथमिक वर्ग घ्यावे लागत आहेत. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, ज्यातल्या बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत बोललेले शब्द आहेत, लिहिलेले शब्द आहेत, खुणा आहेत, चित्रे आहेत. दोनशेहून जास्त आमदारांचे बहुमत पाठीशी असलेले सरकार शब्दांना भिते, तेव्हा कोणते सरकार सर्वाधिक भिते या प्रश्नाचे उत्तर दुबळेपणात शोधून सापडणार नाही.

हे झाले सरकारचे. आता आपल्याकडे पाहू, कारण हा लेख आपल्या साहित्याविषयी आहे.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला साडेतीन दशके झाली. २०१७ साली ते आमच्या पनवेललाही भरले. या काळात आपल्या वार्षिकांत, स्मरणिकांत, कथासंग्रहांत एक कथा पुनःपुन्हा भेटते. नायक शिक्षक असतो. त्याच्या फळीवर कुराणाशेजारी ज्ञानेश्वरी असते. शेजारी कुळकर्णी त्याचा बालमित्र असतो आणि ईदचा शिरखुर्मा आधी त्याच्याकडे जातो. पंधरा ऑगस्टला झेंड्याला सलामी देताना नायकाचे डोळे भरून येतात. मग कुठेतरी स्फोट होतो, मध्यरात्री दारावर थाप पडते, आणि शेवटी तो सुटतो किंवा मरतो, आणि कुळकर्णी रडतो. या कथा लिहिणाऱ्यांच्या कळकळीविषयी शंका नाही. त्यांतल्या काहींनी आम्हालाही रडवले आहे. परंतु ज्ञानेश्वरी त्या फळीवर कुणासाठी ठेवली आहे? नायक ती कधी उघडताना दिसत नाही. ती झडतीला येणाऱ्या हवालदारासाठी ठेवलेली आहे. ही कथा म्हणजे सर सय्यदांच्या ‘लॉयल मोहमेडन्स’ची मराठी आवृत्ती आहे.

आमचा आक्षेप सलोख्याला नाही. कुळकर्णी आणि शेख यांची मैत्री कोकणात रोज दिसते, ती कथेत यावी. आक्षेप त्या कथेतल्या कायद्याला आहे. समजा, फळीवर ज्ञानेश्वरी नसती. नायक तापट असता, पहिल्या सफेत बसणारा कर्मठ असता, बायकोला टाकून बोलणारा असता, त्याचा चुलतभाऊ दुबईला काय करतो हे कुणाला नीट ठाऊक नसते, सरकारविषयी तो चारचौघांत वाईट बोलत असता. मग त्याला मध्यरात्री उचलणे योग्य ठरले असते काय? कथा म्हणत नाही, पण तिची रचना होय म्हणते. तिने नायकाला चांगला केला आहे म्हणून अन्याय अन्याय वाटतो. म्हणजे लेखकाने नकळत सरकारी वाचकाचा नियम मान्य केला की, आधी माणूस कसा आहे ते पाहायचे आणि मग पुरावा. आपल्या कथेत वाईट मुसलमानाला जागा नाही. तो सरकारच्या कागदांत आहे. चांगला मुसलमान आपल्या कथेत आहे. बाकी राहिलेला, म्हणजे आपण सगळे, कुठेच नाही.

हमीद दलवाईंच्या राजकारणाशी ज्यांचे पटत नाही, आणि या अंकाच्या वाचकांत ते पुष्कळ असतील, त्यांनीही ‘इंधन’ या दृष्टीने पुन्हा वाचावी. १९६५ सालची कादंबरी. कोकणातले गाव, पेटत जाणारा तंटा, आणि त्यात कुणीच धुतल्या तांदळासारखा नाही. निवेदक तर नाहीच. मुसलमानांचे हेवेदावे आहेत, हिंदूंचे आहेत, शरीराच्या भानगडी आहेत, मालमत्तेच्या आहेत. असे असूनही, किंवा असे असल्यामुळेच, गाव पेटते तेव्हा आपला जीव जातो. दलवाईंनी प्रमाणपत्र मागितले नाही आणि दिलेही नाही. त्यांच्या भाषणांत त्यांनी जमातीला जे प्रश्न विचारले त्यांवर वाद घालता येईल. पण कादंबरीकार दलवाई सरकारी वाचकाकडे पाठ करून बसला होता.

अब्दुल वाहिद शेख यांच्या ‘बेगुनाह कैदी’चेही असेच थोडे दोन्ही बाजूंनी बोलावे लागेल. लोकल स्फोटांच्या खटल्यात नऊ वर्षे काढून २०१५ साली सुटलेले ते एकटे. हे पुस्तक उर्दू-हिंदीत २०१७ च्या सुमारास आले. त्याचे नावच प्रमाणपत्र मागणारे आहे, आणि ‘बेगुनाह’ हा शब्द पानोपानी येतो. ज्याच्यावर बीतली त्याने तो शब्द वापरू नये असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण पुस्तकाचे बळ त्या शब्दात नाही. कोठडीत माणसाला काय आणि कोणत्या क्रमाने केले जाते, सही कशी घेतली जाते, कोरा कागद कसा भरतो, हे लेखक शिक्षकाच्या शिस्तीने सांगतो तेव्हा पुस्तक उभे राहते. तेथे तो स्वतःविषयी बोलत नसून पद्धतीविषयी बोलत असतो, आणि त्या पद्धतीपुढे गुन्हेगार व निर्दोष सारखेच उघडे असतात. उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये जबाबांविषयी जे नोंदवले त्याचा अर्थ या पुस्तकाच्या वाचकाला आठ वर्षे आधी लागला असता.

याउलट आपल्या स्त्रियांचे लेखन पाहिले तर या विषयावर ते फारच थोडे आहे, आणि रमाबाईंची आठवण आम्ही मघाशी काढली ती यासाठीच. संशय घरात कसा राहतो हे घर चालवणाऱ्या माणसाला सर्वांत आधी कळते. मुलीचे स्थळ कुठल्या प्रश्नावर मोडले, भाड्याचे घर कुठल्या आडनावावर नाकारले गेले, वकिलाची फी भरायला कुठला दागिना गेला, मुलाने कॉलेजात आपले नाव अर्धेच का सांगितले. यांत आरोपी चांगला होता की वाईट, हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि सरकारी वाचकाला यात जप्त करण्याजोगे काही सापडत नाही.

हार्बर लाइनने खारघरला उतरून रिक्षाने तळोजा कारागृहाकडे जाणाऱ्या बायकांत बुरख्यातल्या असतात, नऊवारीतल्या असतात, आदिवासी पाड्यांवरच्या असतात, झारखंडहून दोन रात्री प्रवास करून आलेल्याही असतात. मुलाकातीच्या दिवशी पिशवीत फळे, कपडे, आधार कार्डाची झेरॉक्स. कोणती वस्तू आत जाईल आणि कोणती परत येईल यावर त्यांचे आपापसांत बोलणे चालते आणि ते बोलणे मोडक्या हिंदीत, मराठीत, एकमेकींच्या भाषेत होते. कुणाचा माणूस कोणत्या कलमाखाली आहे हे बहुधा पहिल्याच भेटीत विचारून होते. त्याने ते केले की नाही, हे एकमेकींना विचारीत नाहीत. पनवेलमध्ये लिहिणारे आम्ही थोडेथोडके नाही, आणि या बायकांवरची एकही चांगली मराठी कथा अजून आमच्या वाचनात आलेली नाही.